कापडावर पानांची सूर्यछाप: ऊन नेमके काय करते

पातळ फॅब्रिक रंगाने भिजवलेल्या सुती कापडावर नेच्याचे पान ठेवून ते कापड तासभर उन्हात वाळवले, तर पान उचलल्यावर त्याच्या जागी त्याची फिकट, रेखीव आकृती उमटलेली दिसते. लोहाच्या क्षारांत भिजवून अंधारात वाळवलेल्या कापडावर तेच पान पंधरावीस मिनिटे उन्हात ठेवले आणि नंतर कापड पाण्यात खळबळून काढले, तर गडद निळ्या पार्श्वभूमीवर जवळजवळ पांढरे पान दिसू लागते. दोन्ही कापडे शेजारी ठेवली तर ती एकाच तंत्राची दोन रूपे वाटतात आणि दोन्हींना सरसकट ‘सनप्रिंट’ म्हटलेही जाते. प्रत्यक्षात पहिल्या कापडावर उजेडाने काहीच केलेले नसते. तिथले सगळे काम वाळण्याने केलेले असते आणि ऊन केवळ ते वाळणे वेगाने घडवते. दुसऱ्या कापडावर उन्हाच्या उष्णतेला काही महत्त्व नसते. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी रासायनिक बदल घडवलेला असतो.

हा एक फरक नीट समजून घेतला, तर या कलेतले बहुतेक नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. पानावर काच ठेवावी की नाही, कापड ओले असावे की कोरडे, ढगाळ दिवशी कामाला बसावे की नाही, छापलेला कुर्ता कोणत्या साबणाने धुवावा, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘इथे ऊन कोणत्या नात्याने काम करते आहे’ यावर अवलंबून असते. नवशिक्यांचे कापड बिघडते ते बहुधा एका पद्धतीचा नियम दुसरीला लावल्यामुळे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. हल्ली पाने कापडात गुंडाळून, वाफवून त्यांचा रंग कापडात उतरवण्याचे ‘इको-प्रिंट’ लोकप्रिय झाले आहे. तिथे पान स्वतःचा रंग देते. सूर्यछापेत पानाकडून रंग घ्यायचा नसतो, फक्त त्याची सावली किंवा त्याचे झाकण घ्यायचे असते. म्हणून इथे रंगद्रव्याने समृद्ध पान शोधण्याची गरज नसते, देखण्या कडांचे पान शोधावे लागते.

रंगाची छाप: वाळण्याचे काम

फॅब्रिक पेंट म्हणजे अतिसूक्ष्म रंगकण आणि त्यांना धाग्यावर धरून ठेवणारे अॅक्रिलिकचे चिकटद्रव्य यांचे पाण्यातले मिश्रण. रंगकण पाण्यात विरघळलेले नसतात, तरंगत असतात. कापड ओले असेपर्यंत ते धाग्यांच्या सांदीकोपऱ्यांत पाण्याबरोबर इकडे तिकडे जाऊ शकतात आणि पाणी उडून गेले की जिथे असतील तिथे चिकटतात.

आता अशा ओल्या कापडावर पान ठेवून ते उन्हात मांडले, की उघड्या भागातले पाणी भराभर उडू लागते, पण पानाखालच्या पाण्याला वाट नसते. उघडा भाग वाळू लागला की तो केशाकर्षणाने, म्हणजे वात जशी तेल ओढते तसा, शेजारच्या ओल्या भागातले, म्हणजे पानाखालचे, पाणी ओढून घेतो. पाण्याबरोबर रंगकणही पानाखालून बाहेर येतात, पाणी उडते आणि रंगकण मागे राहतात. हे तासभर चालले की पानाखालचा रंग बराचसा बाहेर निघून गेलेला असतो आणि पानाच्या कडेलगत त्याची किंचित गडद रेघ साचलेली असते. फरशीवर सांडलेला चहाचा थेंब वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद कडे राहते, तिथेही हेच घडते. थेंबाची कड आधी वाळते आणि मधले द्रव तिकडे ओढले जाते. ही प्रक्रिया नेमकी कशी चालते याचे विवरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केले.

कापडगिरण्यांच्या रंगखात्याला ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे, फक्त तिथे ती दोष मानली जाते. रंगात बुडवून पिळलेले कापड असमान वाळले तर रंग जास्त वाळणाऱ्या बाजूकडे सरकतो आणि कापडावर फिकट-गडद पट्टे पडतात. गिरण्यांच्या भाषेत याला ‘मायग्रेशन’ म्हणतात आणि ते टाळण्यासाठी रंगात सोडियम अल्जिनेटसारखे घट्ट करणारे द्रव्य घालतात. गिरणी जे टाळते तेच आपल्याला हवे आहे, म्हणून आपण तिच्या उलट वागायचे. रंग घट्ट ठेवायचा नाही, तो चांगला पातळ करायचा. साधारण एक भाग रंगाला दोन भाग पाणी हे प्रमाण सुरुवातीला ठीक. नळीतून किंवा बाटलीतून निघालेला दाट रंग तसाच फासला, तर रंगकणांना हलायला जागाच उरत नाही आणि कितीही कडक ऊन असले तरी छाप उमटत नाही.

रंग पारदर्शक असावा, हेही तितकेच महत्त्वाचे. अपारदर्शक रंगात पांढऱ्या रंगद्रव्याचे प्रमाण जास्त असते, आणि पानाखाली थोडासा रंग राहिला तरी तो कापडाची शुभ्रता झाकून टाकतो. दुकानातून आणलेला रंग कोणत्या प्रकारचा आहे हे लेबलावर लिहिलेले नसेल, तर कागदावर काळ्या पेनाने एक रेघ मारून त्यावर रंगाचा पातळ हात द्यावा. रेघ स्वच्छ दिसली तर रंग कामाचा, धूसर झाली तर तो भित्तिचित्रासाठी ठेवावा. धातूची चमक असलेले आणि मोतिया छटेचे रंगही या कामाला टाळलेले बरे.

ज्यांच्याकडे सुतासाठीचे डाय आहेत त्यांना साहजिकच वाटते की पेंटऐवजी तेच वापरावेत. पण सुताशी रासायनिक बंध जोडणारे डाय सोड्याच्या सान्निध्यात धाग्याला धरून बसतात आणि एकदा बसले की पाण्याबरोबर हलत नाहीत. वाळण्याच्या पद्धतीला न बसलेला, हलता रंग लागतो. आधी हलणारा आणि नंतर इस्त्रीच्या उष्णतेने कायमचा बसणारा, हे दोन्ही गुण फॅब्रिक पेंटमध्ये आयते मिळतात.

कापड सुती असावे आणि त्यातली खळ पूर्ण गेलेली असावी. नवे मांजरपाट, केंब्रिक किंवा पॉपलीन गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवावे, चोळून धुवावे आणि सोडा पूर्ण जाईपर्यंत खळबळावे. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो क्षणात शोषला गेला तर खळ गेली असे समजावे. मण्यासारखा वर राहिला तर पुन्हा धुवावे. बारीक विणीच्या मलमलीवर नाजूक पाने सुरेख उठतात, जाड खादीवर मोठी, ठसठशीत पाने शोभतात.

मांडणीसाठी एक सपाट फळी घ्यावी, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद किंवा मेणकापड पसरावे आणि त्यावर ओले कापड एकही सुरकुती न ठेवता ताणून बसवावे. खाली प्लॅस्टिक असण्याचे कारण उघड आहे: खालची फळी पाणी शोषू लागली तर रंग आडवा न सरकता खाली जाईल. रंग रुंद ब्रशने किंवा स्पंजाने भरभर लावावा, दोन-तीन छटा एकमेकींत वाहू द्याव्यात आणि लगेच, कापड चकाकत असतानाच, पाने ठेवावीत. इथे उशीर चालत नाही. मे महिन्याच्या दुपारी मीटरभर मलमल बघता बघता कोरडी पडते, आणि पान ठेवण्याआधी वाळलेल्या जागी काहीच उमटत नाही. म्हणून पाने आधी निवडून, कापडाच्या आकाराच्या कागदावर मांडून तयार ठेवावीत, रंग सावलीत लावावा, पाने ठेवून झाल्यावर मगच फळी उन्हात न्यावी.

पान कापडाला सगळीकडून चिकटले पाहिजे. जिथे कड उचलली जाते तिथून वाफ निसटते, ती जागा वाळते आणि आकृतीची कड पुसट होते. जाड मधली शीर असलेली पाने या कामी त्रास देतात. पपईच्या किंवा बदामाच्या पानाची मागची शीर धारदार पात्याने तासून घ्यावी, पान वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवून त्यावरून लाटणे फिरवावे आणि शिरांची बाजू कापडाकडे करून ते बसवावे. फळीऐवजी थर्माकोल घेतला असेल तर कडा टाचण्यांनी त्यात टोचून ठेवाव्यात किंवा त्यांवर लहान नाणी ठेवावीत. नाण्यांचीही छाप उमटते, हे विसरू नये. शेवग्याची डहाळी रंगात फार गोड उमटते, कारण तिच्या लहान लहान पर्णिकांखालचे पाणी चटकन बाहेर येते. पण ती त्याच दिवशी वापरावी, कारण शेवगा रात्रभर गुंडाळून ठेवला की त्याच्या पर्णिका गळतात, हे भाजी निवडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उलट मोठ्या, रुंद पानाच्या मधल्या भागातल्या पाण्याला कडेपर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो, त्यामुळे तो मधला भाग बऱ्याचदा थोडा गडद राहतो. मला स्वतःला ही गडद छटा आवडते, तिने पानाला गोलाई येते. पण शुभ्र आकृती हवी असेल तर लहान किंवा चिरलेल्या कडांची पाने निवडावीत. गाजराचा पाला, बडीशेप, शेपू, कोथिंबीर, नेचे आणि झेंडूची पाने सहसा निराश करत नाहीत.

पान ठेवल्यावर त्यावर काच ठेवू नये. काच ठेवली की बाष्पीभवन थांबते आणि बाष्पीभवन थांबले की छापही थांबते. मंद वारा उपयोगी पडतो, सोसाट्याचा वारा पाने उडवतो. ऊन नसेल तर दिव्याच्या उष्णतेने किंवा कोरड्या हवेत पंख्याच्या झोतानेही छाप येते, आणि या पद्धतीत उजेडाचा वाटा नाही याचा हा सरळ पुरावा आहे. पावसाळी हवेत मात्र ती फसते, कारण दमट हवेत उघडा भाग आणि पानाखालचा भाग जवळजवळ एकाच वेगाने वाळतात आणि रंगाला एका दिशेने सरकायचे कारणच राहत नाही. कापड पूर्ण वाळल्याशिवाय पान उचलून बघण्याचा मोह आवरावा. अर्धवट उचललेले पान पुन्हा त्याच जागी बसत नाही.

पूर्ण वाळलेले कापड एक दिवस तसेच ठेवून, उलट्या बाजूने, वाफ न सोडता सुती कापडाच्या तापमानावर प्रत्येक भागावर तीन-चार मिनिटे इस्त्री फिरवावी. उष्णतेने चिकटद्रव्याची पातळ, सलग पापुद्री बनते आणि रंग धाग्यावर अडकतो. त्यानंतर हे कापड नेहमीच्या साबणाने धुता येते.

निळी छाप: उजेडाचे काम

दुसऱ्या पद्धतीचे नाव सायनोटाइप. इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती 1842 साली शोधून काढली. पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, अॅना अॅटकिन्स या वनस्पतिअभ्यासक बाईंनी समुद्रशैवालांचे नमुने थेट या रसायनाचा लेप दिलेल्या कागदावर ठेवून त्यांच्या निळ्या छापांचे पुस्तक भागाभागाने काढायला सुरुवात केली आणि ते काम 1853 पर्यंत चालवले. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून त्याची गणना होते. शैवालाचे अतिशय बारीक तंतू हाताने काढणे त्यांना कठीण वाटत होते, आणि नमुना स्वतःच आपले चित्र काढील अशी पद्धत त्यांना हवी होती. पुढे इंजिनिअरांचे निळे नकाशेही याच रसायनावर निघू लागले. कागदाच्या जागी कापड आले तरी रसायन तेच राहते.

त्यात दोन क्षार लागतात: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. पहिल्या क्षारातले लोह ज्या अवस्थेत असते त्या अवस्थेत ते दुसऱ्या क्षाराशी निळा रंग बनवत नाही. अतिनील किरण पडले की सायट्रेटकडून लोहाकडे इलेक्ट्रॉन जातो, म्हणजे लोहाचे क्षपण होते, आणि हे बदललेले लोह फेरिसायनाइडशी संयोग पावून प्रशियन ब्लू हे न विरघळणारे निळे द्रव्य तयार करते. पानाच्या सावलीत किरण पोहोचत नाहीत, तिथले लोह तसेच राहते आणि न बदललेले दोन्ही क्षार पाण्यात धुऊन जातात. निळे मागे राहते, कारण ते धाग्यांतच तयार झालेले असते आणि पाण्यात विरघळत नाही. पानाखालचा भाग अशा रीतीने कापडाच्या मूळ रंगाचा होतो. रंगाच्या पद्धतीत आकृती फिकट येते आणि इथे ती पांढरी येते, याचे कारण हे: तिथे रंग हलवलेला असतो, इथे तो त्या जागी बनलाच नसतो.

नेहमीचे प्रमाण असे आहे. एका बाटलीत 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही गडद काचेच्या बाटल्यांत वेगवेगळी ठेवावीत आणि कामाच्या वेळी हवी तेवढीच समभाग मिसळावीत, कारण मिसळलेले द्रावण फार दिवस टिकत नाही. बाटल्यांवर ठळक नावे लिहावीत आणि स्वयंपाकघरातली भांडी या कामाला कधीही वापरू नयेत. फेरिसायनाइड या नावाने घाबरण्याचे कारण नाही, ते पोटॅशियम सायनाइडसारखे विषारी नसते. परंतु तीव्र आम्लाशी त्याचा संबंध आला किंवा ते खूप तापवले तर त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो. म्हणून बाथरूम साफ करायच्या अॅसिडच्या आसपास हे काम करू नये, हातमोजे घालावेत आणि पावडर मोजताना नाकातोंडावर मास्क असावा. लहान मुलांना पाने मांडू द्यावीत, रसायने मोठ्यांनी हाताळावीत.

कापड सुती, तागाचे, रेशमी किंवा व्हिस्कोसचे चालते; पॉलिस्टरवर द्रावण टिकत नाही आणि पाण्याबरोबर निळेही वाहून जाते. मीटरभर मलमलीला दीडशे-दोनशे मिलिलिटर द्रावण पुरते. मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात कापड बुडवावे, घट्ट पिळावे, सुरकुत्या काढून अंधाऱ्या खोलीत दोरीवर वाळत घालावे. वाळल्यावर ते पिवळसर हिरवे दिसते. खळ काढताना वापरलेला सोडा कापडात राहिला असेल तर तो इथे नडतो, कारण प्रशियन ब्लूला अल्कली सोसत नाही. तेव्हा आधीचे खळबळणे काटेकोर असावे. तयार कापड एक-दोन दिवसांत वापरावे, दमट हवेत त्याहून लवकर.

उन्हात नेताना कापड कोरडे असावे आणि पानावर काच ठेवावी. काच इथे मदत करते. ती पानाला कापडाशी घट्ट दाबून धरते, त्यामुळे कडेखाली उजेड शिरत नाही, आणि या रसायनाला लागणारे जवळचे अतिनील किरण साध्या खिडकीच्या काचेतून बव्हंशी आत येतात. अतिनील किरण अडवणारे अॅक्रिलिकचे पत्रे मात्र वापरू नयेत. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ उत्तम. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटे पुरतात, डिसेंबरात वीस-पंचवीस लागू शकतात. ढगाळ दिवशीही छाप येते, कारण अतिनील किरण ढगांतून काही प्रमाणात झिरपतात, फक्त वेळ बराच वाढतो आणि सर्व बाजूंनी येणाऱ्या विखुरलेल्या उजेडामुळे कडा मऊ होतात.

घड्याळापेक्षा कापडाचा रंग अधिक भरवशाचा असतो. पिवळसर हिरव्यावरून ते आधी हिरवट निळे, मग गडद निळे आणि शेवटी राखी, किंचित काशाच्या छटेचे होते. हा राखी रंग पाहून अनेक जण छाप जळाली असे समजून घाबरतात आणि कापड आधीच उचलतात. प्रत्यक्षात तीच योग्य वेळ असते. जास्त उजेडाने प्रशियन ब्लूचेच पुढे क्षपण होऊन त्याचा काही भाग रंगहीन झालेला असतो, आणि धुतल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा निळा होतो. नळाखाली कापड धरले की आधी पिवळसर पाणी वाहू लागते, पानांच्या आकृत्या हिरवटावरून पांढऱ्या होत जातात आणि राखी भाग डोळ्यांदेखत निळा पडतो. वाहते पाणी पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटे, धुणे चालू ठेवावे. पिवळेपणा थोडाही राहिला तर तो पुढे उन्हात निळा होऊन पांढरी आकृती मळवतो. निळ्याची पूर्ण खोली यायला एक दिवस जातो. घाई असल्यास शेवटच्या लिटरभर पाण्यात औषधाच्या दुकानातले तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर घालावे, ते काम क्षणात होते.

ज्यांच्याकडे बोअरवेलचे जड पाणी आहे त्यांनी पहिल्या धुण्याच्या बादलीत थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावा. अशा पाण्याचा कल बहुधा अल्कलीकडे असतो आणि त्यात निळे फिके होते. हाच नियम पुढे आयुष्यभर त्या कापडाला लागू राहतो. आपल्याकडच्या धुण्याच्या पावडरींत बहुतेक वेळा सोडा असतो. त्यात सायनोटाइपचे कापड भिजवले तर प्रशियन ब्लूचे विघटन होते आणि निळ्याच्या जागी गंजासारखी पिवळसर छटा उरते. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, म्हणून ते या कापडाला मानवते. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा सोडा नसलेला द्रव साबणही चालतो. ब्लीच कधीही वापरू नये.

सतत उन्हात राहिले तर हे निळे फिके होते, पण ते काही काळ अंधारात ठेवल्यावर बरेचसे परत येते, कारण रंगहीन झालेला भाग हवेने पुन्हा ऑक्सिडीकृत होतो. खिडकीच्या पडद्यापेक्षा आतल्या भिंतीवरची चौकट किंवा ओढणी हा त्याचा योग्य उपयोग.

पाने निवडण्याचा हिशोब इथे थोडा बदलतो. पानाच्या बाह्यस्तरातली द्रव्ये आणि आतले हरितद्रव्य अतिनील किरण बऱ्यापैकी शोषतात. म्हणून डोळ्यांना अर्धपारदर्शक दिसणारे कोवळे पानही कापडावर पुष्कळसे पांढरे उमटते. खरी मौज जाळी पडलेल्या पिंपळपानाची. त्यातला गर गेलेला असल्याने उजेड शिरांमधल्या बारीक खिडक्यांतून आत जातो आणि शिरांचे संपूर्ण जाळे पांढऱ्या रेघांत कापडावर येते. रंगाच्या पद्धतीत तेच पान ठेवले तर निव्वळ डाग मिळतो, कारण जाळीतून पाणी उडून जाते आणि झाकण म्हणून तिचा काही उपयोग होत नाही. ओल्या, रसाळ पानांचा रस सायनोटाइपच्या कापडावर ओघळतो, त्यामुळे पाने एक-दोन दिवस वर्तमानपत्रात दाबून घ्यावीत. सह्याद्रीत पावसाळ्यात नेचे मुबलक येतात. ते त्या वेळी दाबून ठेवले, तर ऑक्टोबरच्या कडक उन्हात हाताशी असतात.

व्हॅट डाय आणि हळद

निळ्याशिवाय इतर रंग उजेडानेच हवे असतील तर व्हॅट वर्गातले डाय उपयोगी पडतात. नीळ ही त्यांतली सर्वांत जुनी. असे डाय पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे क्षपण केले की ते विरघळून धाग्यात शिरतात आणि ऑक्सिडीकरण झाले की आतच पुन्हा न विरघळणारे होतात. इंडिगोसोल हे व्हॅट डायचेच स्थिर केलेले, पाण्यात विरघळणारे रूप. जावातील बाटिक कारागीर इंडिगोसोलमध्ये बुडवलेले कापड उन्हात धरून रंग उठवतात आणि नंतर सौम्य आम्लाच्या पाण्यातून काढून तो पक्का करतात. अमेरिकेतील जॅकर्ड कंपनीचे ‘सोलरफास्ट’ डाय उजेडानेच रंग धरतात आणि ते लाल, नारिंगी, जांभळ्या अशा अनेक रंगांत मिळतात. त्यांत झाकलेल्या भागातला न उठलेला डाय गरम पाण्याने आणि योग्य साबणाने लगेच पूर्ण काढून टाकावा लागतो, अन्यथा तोही यथावकाश रंग धरतो. धुण्याला हे डाय सायनोटाइपपेक्षा कितीतरी पक्के असतात. आपल्याकडे ते बाहेरून मागवावे लागत असल्यामुळे महाग पडतात, एवढीच अडचण.

शिकायला आणि मुलांना दाखवायला मात्र घरच्या हळदीसारखी वस्तू नाही. कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की जातो, हे प्रत्येक घरात माहीत असते. हळदीतले कर्क्युमिन उजेडात विघटन पावते. हळदीच्या दाट पाण्यात पांढरे सुती कापड बुडवून सावलीत वाळवावे, त्यावर पान आणि काच ठेवून एक-दोन दिवस कडक उन्हात मांडावे. उघडा भाग फिका होतो आणि पानाच्या जागी पिवळे पान राहते, म्हणजे सायनोटाइपच्या नेमके उलट. ही छाप पक्की करता येत नाही. ती साबणाच्या पाण्यात टाकली की उरलेली हळद लालसर होते, आणि उजेडात राहिली की पानही हळूहळू नाहीसे होते.

कोणत्या कामाला कोणती पद्धत घ्यावी याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रोज अंगावर येणारा आणि आठवड्याला धुतला जाणारा कुर्ता, उशीचा अभ्रा, टेबलावरचे कापड यांसाठी पारदर्शक रंग घ्यावा. वनस्पतीचा अचूक नमुना, शिरांसकट, जपून ठेवायचा असेल तर सायनोटाइपला पर्याय नाही. कोणतीही पद्धत घेतली तरी साडीला किंवा तयार कपड्याला हात घालण्याआधी त्याच कापडाचे वीतभर तुकडे करावेत, प्रत्येकावर वेगळा वेळ देऊन छाप घ्यावी, तुकड्यावर पेन्सिलीने वेळ, महिना आणि पानाचे नाव लिहावे आणि एक तुकडा घरच्या नेहमीच्या साबणाने धुऊन बघावा. पाणी, साबण आणि ऊन प्रत्येक गावाचे निराळे असते, त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेली मिनिटे जशीच्या तशी लागू पडतील असे धरून चालू नये.